बाहेरून खिडकी

आमच्या स्वयंपाकघराला बाहेरून खिडकी होती आणि आतून नव्हती. अंगणात उभं राहिलं की मातीच्या भिंतीत लाकडी गजांची चांगली खिडकी दिसायची, चौकटीला आईने लावलेला तांबडा काव, खाली चुन्याची रेघ. आत गेलं की त्याच जागी चिऱ्यांची सलग भिंत. हे मी कोणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू दे. मला मात्र त्या खिडकीची आठवण आली की आजही कानशिलं तापतात. ज्यांच्यावर तापावीत त्यातले निम्मे आता या जगात नाहीत, त्यामुळे तो सगळा राग माझ्याकडेच राहून गेला आहे.

आमचं घर पेडणे तालुक्यात, चोपड्याची नदी जिथून दिसते त्या उतारावर, भाटकाराच्या माडांच्या मधोमध. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. जमीन त्याची, माड त्याचे, विहीर त्याची, विहिरीकडे जाणारी वाट त्याची. घर तेवढं आमचं. दुसऱ्याच्या जमिनीवर असं स्वतःचं घर करून राहणाऱ्याला आमच्याकडे मुंडकार म्हणतात. बाबा भाटकाराचे पाडेली होते, म्हणजे माडावर चढून नारळ पाडायचे. त्याआधी आजोबाही तेच करायचे. मुंडकाराने भिंती मातीच्या घालाव्यात, हा तिथला नेम. चिरा, म्हणजे आमच्याकडचा तो तांबडा जांभा दगड, मुंडकाराच्या घराला लागला की भाटकाराच्या पोटात दुखायचं. घर पक्कं झालं की माणूसही पक्का होतो, मग त्याला हलवता येत नाही. नेम कुठे लिहिलेला नव्हता, पण वाडीवरच्या शेंबड्या पोरालाही तो पाठ होता.

एका पावसात आमच्या मागच्या खोलीची भिंत बसली. आम्ही पुढच्या पडवीत जेवत होतो म्हणून वाचलो. आईचं जातं आणि तांदळाचं मडकं त्या चिखलाखाली गेलं. बाबांनी पुन्हा माती मळली, भिंत उभी केली, आणि त्या दिवसांतच कधीतरी मनाशी ठरवलं की आता घर चिऱ्याचं करायचं. परवानगी मागायची नाही आणि कळूही द्यायचं नाही. बाहेरची मातीची भिंत आहे तशी ठेवायची आणि आतून तिला चिकटवून चिऱ्याची दुसरी भिंत चढवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला मातीचं घर, आत राहणाऱ्याला दगडाचं.

पैसे नव्हतेच, त्यामुळे सगळं फुकटात मिळेल त्यातून. चिरेखाणीवर चिरा कापताना एखाद्याचा कोपरा उडतो, एखादा मधूनच तडकतो. तो माल ट्रकवाला घेत नाही, खाणीच्या कडेला ढीग लागतो. बाबा तिथून तुटके चिरे डोक्यावर आणायचे आणि वर गवताचा भारा ठेवायचे, म्हणजे वाटेत कोणी बघितलं तर म्हशीला गवत चाललंय असं वाटावं. आमच्याकडे म्हैस नव्हती. पण तेवढा विचार कोण करतो, असं बाबांना वाटायचं.

चुना आम्हीच भाजला. चोपड्याला मावशी नदीकाठी राहायची. तिच्याकडून तिसऱ्यांच्या शिंपल्या गोणीत भरून आणायचे हे माझं काम. परड्यात खड्डा खणून खाली नारळाची सोडणं, वर शिंपल्या, पुन्हा सोडणं, पुन्हा शिंपल्या, असे थर लावून बाबा तो पेटवायचे. भाजलेल्या शिंपल्यांवर पाणी ओतलं की त्या उकळायच्या आणि पांढरं पीठ व्हायचं. ते मातीत मिसळून सांधे भरायचे. मला त्या वयात त्याची फार मजा वाटायची. हात भाजले तरी मी तिथून हलायची नाही. बाबांचं काम बघत राहावं असंच होतं, हेही सांगायला हवं. ओळंबा म्हणून दोरीला नारळाची करवंटी बांधून त्यात खडे भरलेले, पण भिंत सरळ. तुटक्या चिऱ्याची तुटकी बाजू आत दाबायची आणि चांगली बाजू खोलीकडे आणायची. दोन उन्हाळे त्यांनी हे काम केलं, दिवसभर माडांवर चढून आल्यावर.

गोवा राज्य झालं ते याच दिवसांत. भाषेचं भांडण त्याआधीचं. कोकणी की मराठी यावरून घराघरांत अबोले झाले होते. बाबा सभांना जायचे, घोषणा द्यायचे, घसा बसवून घरी यायचे. भाषेसाठी एवढं ओरडणारा हा माणूस भाटकाराचा मुकादम वाटेवर दिसला की सायकलवरून खाली उतरायचा आणि आवाजही खाली उतरवायचा. राज्य झालं त्या दिवशी सुट्टी असूनही शाळेत बोलावून आम्हाला लाडू वाटले. मी तो धावत घरी आणला. बाबा लाडवाचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "राज्य झालां, बरां झालां. तू तो चिरो हयसर सरकय बघू."

मग स्वयंपाकघराची पाळी आली.

त्या खिडकीजवळ आईची चूल होती. बाहेरून विहिरीची वाट जायची. सकाळी बायका घागरी घेऊन जाताना खिडकीशी थांबायच्या, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाकडे बांगडा चांगला मिळाला, हे सगळं त्या गजांमधून आत यायचं. चुलीचा धूर बाहेर जायचा आणि गाव आत यायचं. आई दिवसभरात दुसरीकडे कुठे जायची नाही. तिला तेवढं पुरायचं.

बाबांनी आतली भिंत खिडकीपर्यंत आणली आणि थांबले. आई म्हणाली, "हयसर जागा सोडतलास मां?" बाबांनी मान हलवली. खिडकी ठेवली तर बाहेरून डोकावणाऱ्याला भिंतीची जाडी दिसणार, मातीच्या मागचा चिऱ्याचा काठ दिसणार. बायका तर रोज डोकावणाऱ्या, आणि त्यातल्या एकीचा नवरा मुकादमाचा चुलतभाऊ. खिडकी बाहेरूनही बुजवली तर लोक विचारणार, का बुजवली. म्हणून बाहेरची खिडकी, गज, चौकट, सगळं तसंच ठेवून आतून चिरे लावले. गजांच्या मागे काळं फडकं ताणलं, म्हणजे आत अंधार आहे असं वाटावं. "मागीर फोडूया," बाबा म्हणाले. "सगळां थंड जावंदी."

खिडकीत ठेवलेलं मिठाचं मडकं आईने उचलून चुलीमागे ठेवलं. तिचं हे न बोलणंही मला आता संताप आणतं.

घर आतून चारी बाजूंनी आखडलं. बाबांची खाट खोलीत बसेना, म्हणून त्यांनी खाटच कापून आखूड केली आणि मग जन्मभर गुडघे दुमडून झोपले. दोन भिंतींच्या फटीत उंदरांनी संसार मांडला. ते सगळं परवडलं असतं. पण स्वयंपाकघरात धूर कोंडायला लागला. आई मागचं दार उघडं टाकून रांधायची, तर कुत्री आत यायची. डोळे कायम लाल, पदर कायम डोळ्यांना. खोकला आधी थंडीत यायचा, नंतर तो उन्हाळ्यातही राहायला लागला. बायका सवयीने खिडकीशी थांबून हाक मारायच्या. आई आतून ओ द्यायची, पण मध्ये चिरा, माती, फडकं, आवाज पोचायचाच नाही. वळसा घालून दारापर्यंत येईतो बायका पुढे गेलेल्या. हळूहळू त्यांनी हाक मारणं सोडलं. विहिरीवर बोललं जायचं की हिला हल्ली मोठेपण आलंय, खिडकीत असूनही बोलत नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हणांदी."

आणि दरवर्षी पाऊस सरला की हीच बाई बाहेरच्या मातीच्या भिंतीला शेणमाती लावायची. धुपलेले कोपरे थापायची, वर काव, खाली चुन्याची रेघ, आणि त्या मेलेल्या खिडकीच्या चौकटीला पुन्हा तांबडा हात. चतुर्थीला येणारे पाहुणे म्हणायचे, काय सुंदर घर ठेवलंय. ज्या भिंतीने तिचा श्वास कोंडला ती लपवायला तिनेच राबायचं. मी तिच्या मदतीला असायची, आणि शेणाचा गोळा भिंतीवर असा आपटायची की तिच्या तोंडावर शिंतोडे उडायचे. "हळू गो," एवढंच ती म्हणायची.

शिकले तेवढं शिकून मी तुयेच्या वसाहतीत एका कारखान्यात लागले, माल खोक्यांत भरायचं काम. पगार झाला की घरासाठी काहीतरी करायचं, असा मला नादच लागला. जुन्या साड्यांचे पडदे शिवले. चुन्यात नीळ घालून पडवी रंगवली. ती इतकी निळी झाली की मुकादमाने विचारलं, लग्न आहे का. स्वयंपाकघरात उजेड यावा म्हणून बाबांच्या मागे लागून छपरात काचेचा नळा, म्हणजे काचेचं कौल, बसवला. उजेडाची एक चकती जमिनीवर पडली आणि आई तिच्यात बसून तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं, जमलं. आठवडाभरात काचेवर काजळी धरली. आई काठीला फडकं बांधून ती पुसायची, पुन्हा धरायची. धूर जायला वाट नाही तिथे काचेने काय होणार.

आमच्याबरोबर काम करणारी एक मुलगी चंदगडची होती. नवरा गवंडीकाम करायचा, म्हणून ती दोघं इकडे आलेली. कामात तिचा हात आणि तोंड बरोबर चालायचं. एका सुट्टीला मी तिला जेवायला बोलावलं. ती अंगणातून आली, घराभोवती बघितलं, छान म्हणाली, आणि आईला मदत करायला थेट चुलीकडे गेली. लगेच डोळे पुसत बाहेर आली. पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर येऊन खिडकी बघितली.

"अगं," ती म्हणाली, "भायेरनं खिडकी दिसतीया की. आत कुठं गेली? भितीनं गिळली व्हय?"

बाबा पडवीत बसले होते. त्यांनी पानाचा डबा उघडला आणि बंद केला. आई चुलीशी होती. तिने वर बघितलं नाही, पण तिचा हात थांबला, हे मी बघितलं. बाहेरगावची एक पोरगी पाच मिनिटांत जे विचारते ते आमच्या घरात इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. मलाही त्या अंधाराची सवय झाली होती. मी पडदे शिवत बसले होते. खिडकीच नाही त्या घरात पडदे!

जेवणं झाली. मैत्रिणीला सोडायला रस्त्यापर्यंत गेले तेव्हा मी तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याकडची छिन्नी आणि हातोडा मला दे. तिने कशाला म्हणून विचारलंही नाही.

बाबा दूरच्या बागायतीत नारळ पाडायला गेले तो दिवस मी धरला. आईला म्हटलं, भांडी बाहेर काढ. ती म्हणाली, "बाबांक विचारलंस?" मी म्हटलं, "तुका विचारतंय. खिडकी व्हयी की नको?" मग तिने चुलीवरचं भांडं उतरवलं, लाकडं ओढून विझवली आणि मडक्यांवर चादर टाकली. हेच तिचं उत्तर.

चिरा तसा मऊ असतो, छिन्नीला ऐकतो. पण बाबांनी भरलेले सांधे ऐकेनात. माझ्याच हाताने भाजलेला तो चुना माझ्याच हाताला फोड आणत होता. आधी वरच्या थराखाली माडाच्या खोडाची जाड फळी सारायची, मग खालचे चिरे काढायचे, हे मैत्रिणीने नवऱ्याला विचारून मला पढवलं होतं. फळी परड्यात पडलेली होती. आईने एक बाजू धरली. धूळ अशी उडाली की आम्ही दोघी तांबड्या झालो. शेवटचा चिरा निघाला, मागचं काळं फडकं मी ओढलं, आणि ऊन आत आलं. चुलीवर, मडक्यांवर, आईच्या पायांवर. आईने हात पुढे करून गज धरले. गजांना बाहेरच्या बाजूने वर्षानुवर्षं तिनेच काव लावला होता. आतली बाजू वाळवीने खाल्लेली होती, ती तिच्या हातातच मोडली.

कारखान्यातल्या भंगारातून मागून आणलेल्या सळया मी त्या जागी बसवल्या. आतली चौकट खोक्यांच्या फळ्यांची केली. त्यातल्या एका फळीवर खोकं वर कसं धरायचं ते दाखवणारा बाण छापलेला होता, तो घाईत खाली तोंड करून बसला. तसाच राहिला.

संध्याकाळी बाबा आले. ओरडतील म्हणून मी तयारीत होते, उत्तरं जुळवून ठेवली होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी खिडकी बघितली, चिऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं, बाहेर गेले आणि विणलेल्या झावळ्यांची एक ताटी आणून बाहेरून खिडकीवर बांधली. आत पुन्हा अंधार.

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांवर ओरडले.

"कोणाक भिता तुमी? मुंडकाराक घरातसून काढूक येना नाय. कायदो कधीचो झालोहा. घर दुरुस्त करूक कोणाक विचारूक नको. मामलेदाराकडे अर्ज केलो तर घराखालची जमीन आमच्या नावावर जाता. कारखान्यात सगळ्यांक ठावक असा, तुमकां नाय?"

"माका ठावक असा," बाबा म्हणाले.

त्यांना ठाऊक होतं. पहिला चिरा गवताखाली आणला तेव्हाही ठाऊक होतं.

"मगे अर्ज कित्याक करूक नाय?"

"अर्ज केलो तर मामलेदाराचो मनीस घर बघुक येतलो. भाटकाराचो मनीस त्येच्या वांगडा येतलो. आत येतले. भित बघतले." त्यांनी ताटीची दोरी घट्ट केली. "कायदो पणजेक असा, चेडवा. बाव हयसर असा. वाट हयसर असा. उद्या बाव बंद केली तर कायदो हाडून पितलंय?"

विहीर आणि वाट. ती भीती खोटी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच राग दुप्पट झाला. पण नीट ऐका. भीतीपोटी भिंत लपवली, आणि भिंत लपवली म्हणून हक्काचा अर्ज करता येईना. घर वाचवायला जी भिंत बांधली तिच्यामुळेच घर आमचं होत नव्हतं. आणि या सगळ्याची किंमत चुकवत होती चुलीशी बसलेली एक बाई, जिला त्यातलं काहीच विचारलेलं नव्हतं.

मी सकाळी ताटी सोडायची, बाबा संध्याकाळी बांधायचे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. आई दोघांना वाढायची.

चतुर्थीच्या आधी नारळ पाडायचे म्हणून मुकादम सांगायला आला. आता तो म्हातारा झाला होता, काठी घेऊन चालायचा. सकाळची वेळ, ताटी मी नुकतीच सोडलेली. तो पडवीत बसला. आईने चहा आणून दिला. त्याने बशीत ओतून एक घोट घेतला आणि सहज मान वळवली, तर उघड्या दारातून आतली खिडकी, आणि खिडकीच्या कडेला भिंतीची सगळी जाडी, आत चिरा बाहेर माती, एखाद्या कापलेल्या फणसासारखी स्वच्छ दिसत होती.

बाबा उठून उभे राहिले. हात जोडले. माझ्या बापाने हात जोडले. "मुकादमांनू," ते म्हणाले, "चेडवान जरा उजवाडाक म्हूण... भित तशी मातयेचीच असा, आत फकत जरा आधार—"

मुकादम हसायला लागला. दुष्टपणे नव्हे, अगदी मोकळं, जुन्या माणसासारखं हसला. त्याचं ते मोकळं हसणं मी त्याला कधी माफ केलेलं नाही.

"अरे, आमकां काय दिसनासलां?" तो म्हणाला. "ज्या दिसा तू पयलो चिरो घरात न्हेलंस, त्याच दिसा माका कळलां. गवताच्या भाऱ्याखाली कोणाची मान अशी मोडता काय? आनी तुझ्या घराक म्हस खंय आसली?" तो पुन्हा बशीत फुंकर मारायला लागला. "मी भाटकाराक सांगलंय. ते हासले. म्हणाले, लपयता मां? लपयांदी. चोरून भित घालणारो मनीस मामलेदाराकडे कधी जावचो नाय. बाकीच्यांनी अर्ज केले, कोर्टकचेऱ्यो झाल्यो. तुझो कसलोच उपद्रव नाय झालो. भाटकार तुझा नाव काडतत अजून, बरो मनीस म्हूण."

बरो मनीस. मी बाबांकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

ते बोलणं चालू असताना आई दारात येऊन उभी होती. ती पुढे आली. तिने मुकादमाच्या हातातली बशी घेतली, बाजूचा कप घेतला. तो अर्धा भरलेला होता. आत गेली आणि सगळा चहा खिडकीतून बाहेर ओतला.

"च्या निवली," ती आतून म्हणाली.

मुकादमाला काय समजायचं ते समजलं. काठी टेकत उठला आणि वाटेला लागला. बाबा अजून उभेच होते, हात अर्धे जोडलेले.

आई मागच्या दाराने बाहेर आली ती हातात कुदळ घेऊन. पदर खोचला आणि खिडकीच्या बाजूच्या मातीच्या भिंतीवर पहिला घाव घातला. काव लावलेला पोपडा पडला, मग शेणमातीचे थर, वर्षावर्षाचे, तिच्याच हातांचे. मी दुसरी बाजू धरली. खोकला आला की ती थांबायची, कुदळीवर टेकून खोकायची, आणि पुन्हा घाव. विहिरीवरून येणाऱ्या बायका घागरी घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. माती ढासळली आणि मागून चिरा दिसायला लागला, पण तुटकी बाजू पुढे करून, कारण चांगली बाजू बाबांनी आमच्यासाठी आत ठेवली होती. बाहेरून ती भिंत खरखरीत, वेडीवाकडी, कुठे कोपरे उडालेले, कुठे चुना ओघळलेला. तशी ती आम्हीही कधी बघितली नव्हती.

बाबा हळूहळू जवळ आले. भिंत बघत राहिले. आभाळ भरलं होतं, चतुर्थीच्या आधीचा पाऊस कधीही यायचा. इतकं सगळं ऐकून झाल्यावर, इतकं सगळं पडल्यावर, त्यांच्या तोंडून निघालं ते हे:

"ताटी तरी बांधूया. पाऊस इलो तर भित भिजतली."

आईने कुदळ खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्याशी त्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"भिजांदी," ती म्हणाली. "चिरो झाकलो तर मऊ रवता. वारो-पाऊस लागलो काय घट्ट जाता. दोन उन्हाळे चिरो लायलास, तुमकां ह्यां ठावक नाय? आनी ताटी सोडून ती कुदळ घेया. माझो हात दुखता. उद्या पेडण्यां वचून अर्ज घालतलास तर आजच सगळी भित मोकळी करूक व्हयी. मामलेदाराचो मनीस इलो तर त्येका भायल्यानच दिसांदी."

बाबांनी कुदळ घेतली.